आत्मनिवेदन आणि साक्ष : केडगाव, होटगी, गुलबर्गा

सोलापूरच्या आग्नेयेस असलेले होटगी हे रेल्वेचे जंक्शन मराठी आणि कन्नड या दोन भाषांच्या सांध्यावर वसलेले आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६० मध्ये सोलापुरास आणि १८७१ मध्ये होटगी, गुलबर्गा ओलांडून रायचूरला पोहोचला. पुढे होटगीहून विजापूर-गदगचा फाटाही निघाला. या मार्गाचा इतिहास बहुधा व्यापाराच्या आणि दुष्काळाच्या संदर्भात सांगितला जातो. परंतु याच मार्गावर, पुणे जिल्ह्यातील केडगावात, अनाथ मुलींना आणि विधवांना आसरा देणारे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन उभे राहिले आणि त्यांच्या कार्याची एक शाखा होटगीच्याही पुढे गेली, ही गोष्ट मराठी ख्रिस्ती जीवनाच्या अभ्यासकाने नजरेआड करण्याजोगी नाही.

त्या कार्यामागची वृत्ती समजण्यासाठी आधी दोन शब्द पाहायला हवेत. नवविधा, म्हणजे नऊ प्रकारच्या, भक्तीतील अखेरची भक्ती आत्मनिवेदन, म्हणजे स्वतःला संपूर्णपणे देवाच्या स्वाधीन करणे, ही आहे. आणि 'निवेदन' या शब्दाला सांगण्याचाही अर्थ असल्याने मराठी कानाला त्यात अर्पण आणि कथन ही दोन्ही ऐकू येतात. ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे उपासनेसाठी एकत्र येणाऱ्या विश्वासणाऱ्यांच्या समुदायात, या दोन अर्थांसाठी 'समर्पण' आणि 'साक्ष' असे दोन वेगळे शब्द रूढ झाले. देवाने आपल्या आयुष्यात जे केले ते इतरांपुढे सांगणे म्हणजे साक्ष. आणि साक्षीदाराचे काम वकिली करण्याचे नसून अनुभवले तेवढेच सांगण्याचे असते, हे या शब्दाचे मर्म आहे.

रमाबाईंच्या जीवनात हे मर्म स्पष्ट दिसते. त्यांचा बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती दीक्षाविधी, १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. तथापि त्यांच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे त्यांना तेव्हा ख्रिस्ती धर्म लाभला होता, ख्रिस्त लाभला नव्हता, आणि तो १८९१ च्या सुमारास, स्वतःच्या पुण्याईचा भरवसा सोडून दिल्यावर लाभला. पुण्यात त्या विधवांसाठी चालवीत असलेल्या शारदा सदनात धर्मशिक्षण न देण्याचा दंडक होता. रमाबाई आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत तेव्हा खोलीचे दार मात्र उघडे असे, आणि सदनातील काही विधवा आपणहून तेथे येऊन बसू लागल्या. त्यावरून पुण्यात मोठा वाद उसळला आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी आपले अंग काढून घेतले. विश्वासाने आपल्या मुली पाठवणाऱ्या समाजाची अस्वस्थता समजण्यासारखी होती. तरीही जे जीवनाचा आधार झाले ते लपवून ठेवणे रमाबाईंना अप्रामाणिकपणाचे वाटले असते, हेही तितकेच खरे. त्या उघड्या दारात प्रवचन नव्हते, आग्रह नव्हता. ती रोजच्या जगण्यातली साक्ष होती.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून अनाथ मुली आणि विधवा केडगावी आणल्या. पुढे १९०५ मध्ये त्यांनी आसपासच्या खेड्यांत जाऊन शुभवर्तमान सांगण्यासाठी स्वेच्छेने कोण पुढे येते असे विचारले, तेव्हा सुमारे तीस तरुणी उभ्या राहिल्या. ज्या स्थळी दुष्काळात आसरा मिळाला, तेथेच आता सांगणाऱ्या तयार झाल्या होत्या. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये आपल्या मिशनचा पगार सोडून संन्यासवृत्ती पत्करली आणि 'देवाचा दरबार' स्थापिला, त्यामागेही हीच जाणीव होती की, वेतनावर सांगितलेले आणि सर्वस्व देऊन सांगितलेले शब्द ऐकणाऱ्याला निराळे वाटतात.

१९१२ च्या सुमारास निजामाच्या राज्यातील गुलबर्गा येथे रमाबाईंची कन्या मनोरमाबाई यांच्या साहाय्याने ख्रिस्ती शाळा सुरू झाली. केडगावहून तिकडे जाणारी गाडी सोलापूर आणि होटगी मागे टाकून कन्नड मुलखात शिरे. कर्नाटकात जन्मलेल्या रमाबाईंना ती भाषा परकी नव्हती. त्याच काळात त्या हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करीत होत्या, आणि ते खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीलाही समजावे म्हणून त्यांनी संस्कृतप्रचुर शब्द कटाक्षाने टाळले. स्वतः संस्कृतात निष्णात असलेल्या विदुषीने केलेला हा त्याग त्यांच्या समर्पणाचा सर्वांत मोलाचा भाग मानावा लागेल. मनोरमाबाई १९२१ मध्ये वारल्या, रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी, आणि मुक्ती मिशनमधील स्त्रियांनी आपल्याच छापखान्यात छापलेले संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.