तीन आण्यांचा प्रेक्षक : दादासाहेब फाळके आणि नाशिकची चित्रपटनगरी

१. कलाकृती तयार होणे आणि ती पाहिली जाणे, या दोन घटनांमध्ये मोठे अंतर असते. मराठी मुलखात हे अंतर सर्वांत चिकाटीने कापणारा कलावंत म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. त्यांच्या चित्रपटांचा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो. त्यांनी प्रेक्षक कसा मिळवला, हा इतिहास मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे. हा धागा त्याविषयी.

२. फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय आणि बडोद्याचे कलाभवन येथे ते शिकले. छायाचित्रण, मुद्रण, रंगभूषा, जादूचे प्रयोग अशा अनेक विद्या त्यांनी हाताळल्या. ‘प्रोफेसर केळफा’ हे त्यांनी जादूगार म्हणून घेतलेले नाव ‘फाळके’ या आडनावातील अक्षरांचीच उलटापालट होती.

३. लोणावळ्याजवळच्या राजा रविवर्मा यांच्या छापखान्यासाठी त्यांनी काम केले, ही नोंद महत्त्वाची आहे. रविवर्म्यांची मूळ तैलचित्रे राजवाड्यांत होती. शिळाछापाने तीच चित्रे सामान्यांच्या देवघरात पोहोचली. प्रेक्षक चित्रापर्यंत येऊ शकत नसेल, तर चित्राने प्रेक्षकाकडे जावे, हे तत्त्व त्या छापखान्यात रोज कागदावर उमटत होते.

४. १९१०-११ च्या सुमारास मुंबईत फाळक्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि राम-कृष्णांना पडद्यावर आणण्याचा ध्यास घेतला. १९१२ साली ते लंडनला गेले, तंत्र समजून घेतले आणि कॅमेरा मागवला. विमा गहाण पडला होता. आता प्रश्न होता भांडवलाचा, आणि चलच्चित्र हा धंदा आहे यावरच सावकारांचा विश्वास नव्हता.

५. म्हणून फाळक्यांनी आपला पहिला प्रेक्षक हेरला : पैसे देऊ शकणारा माणूस. कुंडीत वाटाणा पेरला, ठरावीक वेळाने एकेक चौकट टिपली आणि ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट तयार केला. बीज फुटून त्याचा वेल होण्याचा अनेक दिवसांचा व्यवहार डोळ्यांसमोर काही क्षणांत घडला. कर्ज मिळाले. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिनेही दिले.

६. विषय निवडतानाही प्रेक्षकाचा विचार होता. मूकपटात संवाद नसतात. कथा आधीच ठाऊक असेल, तर मौन अडसर ठरत नाही. हरिश्चंद्राची कथा कीर्तनातून, नाटकातून, आजीच्या तोंडून घराघरांत पोहोचली होती. उपशीर्षके हिंदी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत ठेवल्यामुळे मराठी मुलखाबाहेरचा प्रेक्षकही दारात आला.

७. २१ एप्रिल १९१३ रोजी मुंबईच्या ऑलिंपिया चित्रगृहात निमंत्रितांसाठी खेळ झाला. शहरातील प्रतिष्ठित आणि पत्रकार यांनी चित्रपट आधी पाहिला. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ सर्वांसाठी खुला झाला, तेव्हा त्याची चर्चा शहरात पोहोचलेली होती.

८. त्या पहिल्या खेळांच्या जाहिरातीत चित्रपट एकटा नव्हता. सोबत नृत्य होते, विनोदी प्रवेश होता, पायांनी वस्तू झेलणारा कसरतपटू होता. आज हे विचित्र वाटेल. परंतु अनोळखी वस्तू ओळखीच्या मेजवानीत वाढली, तर पाहुणा ती चाखून पाहतो. नव्या कलेला जुन्या करमणुकीने हात धरून मंचावर आणले.

९. खरी परीक्षा मुंबईबाहेर झाली. सुरतेला पहिल्या दिवशी अवघे तीन रुपये जमले, असे सांगतात. चित्रगृहचालकाचे म्हणणे रास्त होते : याच पैशांत लोकांना सहा तासांचे नाटक मिळते, तर तासाभराचा खेळ कोण पाहील? खेळ लांबवा किंवा दर उतरवा, असा त्याचा आग्रह होता.

१०. फाळक्यांनी चित्रपट लांबवला नाही, मोजमाप बदलले. नव्या जाहिरातीचा आशय असा होता : सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र, आणि सारे केवळ तीन आण्यांत! तासांचा हिशेब करणाऱ्या गिऱ्हाइकाला त्यांनी छायाचित्रांचा हिशेब दिला. त्यानंतर गल्ला शेकड्यांत गेला, अशी आख्यायिका आहे.

११. या जाहिरातीची पडताळणी उद्बोधक आहे. चित्रपटाची नोंदलेली लांबी सुमारे ३७०० फूट. एका फुटात १६ चौकटी मावतात. म्हणजे जवळपास ५९ हजार चौकटी. छायाचित्रांचा आकडा तर प्रामाणिकच ठरतो! परंतु ३७०० फूट म्हणजे पाऊण मैलाहूनही कमी. ‘दोन मैल’ ही शुद्ध अतिशयोक्ती. सत्य आणि सजावट एकाच फलकावर शेजारी बसली होती.

१२. पहिल्या यशानंतर फाळके आपले बिऱ्हाड घेऊन नाशिकला आले. गोदावरीचा घाट, देवळे, भोवतालचे डोंगर आणि झाडी हे पौराणिक कथांचे आयते नेपथ्य होते. ‘मोहिनी भस्मासुर’ या पुढच्या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या. ‘हरिश्चंद्रा’त तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली होती, हे लक्षात घेतले तर ही किती धाडसी झेप होती, हे कळते.

१३. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये साळुंके यांनीच राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. पडद्यावर राम प्रकटताच प्रेक्षक पादत्राणे काढून ठेवत, असे सांगितले जाते. मद्रासेत जमलेली नाणी पोलिसांच्या पहाऱ्यात बैलगाडीतून न्यावी लागली, ही कथाही प्रसिद्ध आहे. कथांत भर पडली असेल. पण अशा कथा रिकाम्या चित्रगृहाभोवती जन्माला येत नाहीत.

१४. ‘चित्रपट कसे तयार करतात’ या लघुपटात त्यांनी स्वतःचे कामच प्रेक्षकांपुढे मांडले. रहस्य उघडे केल्याने कुतूहल मरत नाही, उलट वाढते, हे या जादूगाराला उमगले होते. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’च्या आरंभी त्यांची कन्या मंदाकिनी आधी मुलगी म्हणून नाना भाव दाखवते आणि मग कृष्ण होते. ‘नवयुग’ मासिकात लेख लिहून त्यांनी स्वदेशी चित्रपटाची बाजूही मांडली. प्रेक्षक घडवण्याचे काम ते पडद्याबाहेरही करत होते.

१५. १९१८ मध्ये भागीदारांसह नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. भांडवल आले, तसे मतभेदही आले. १९१९ मध्ये फाळके कंपनी सोडून काशीला गेले, नाटक लिहिले आणि काही वर्षांत परतले. दरम्यान इतर चित्रसंस्था उभ्या राहत होत्या. ज्या प्रेक्षकाला त्यांनी चित्रपट पाहायला शिकवले, तो आता इतरांचेही चित्रपट पाहत होता.

१६. १९३१ साली पडदा बोलू लागला. फाळक्यांची सारी कला मौनातील अर्थासाठी घडली होती. कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी केलेला ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचा चित्रपटही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा चित्रपटसृष्टी त्यांना बरीचशी विसरली होती. त्यांच्या नावाचा शासकीय पुरस्कार सुरू व्हायला १९६९ उजाडावे लागले.

१७. फाळक्यांच्या युक्त्या मोजता येतात : परिचित कथा, निमंत्रितांचा खेळ, सोबतीला कसरत, चतुर जाहिरात, कामाच्या पडद्यामागचे दर्शन. पण यांपैकी एकही युक्ती निकृष्ट कामावर पांघरूण म्हणून वापरलेली नव्हती. फलकावरचे दोन मैल खोटे होते. पडद्यावरची हजारो छायाचित्रे खरी होती. माणसे फलक पाहून एकदा आली. पुन्हा आली ती छायाचित्रांसाठी.

१८. आणि तरीही प्रेक्षक कोणाच्या मालकीचा होत नाही. एका पिढीला दारात आणणारी वाट पुढच्या पिढीच्या घरावरून जाईलच असे नाही. त्र्यंबकच्या या कलावंताने तीन आणे मोजणाऱ्या माणसाला क्षुद्र मानले नाही, त्याच्या हिशेबाला हिशेबानेच उत्तर दिले. आज नाशिकमध्ये पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. देशातील कोणत्याही चित्रगृहात तिकिटासाठी लागणारी रांग हे त्यांचे दुसरे स्मारक.