ताराबाईंचं पुस्तक कुठे गेलं होतं?

आज एका पुस्तकाची हकिकत सांगते. पुस्तकाचं नाव ‘स्त्री-पुरुष तुलना’. लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे, विदर्भातल्या बुलडाण्याच्या.

१८८१ साली सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर खटला झाला. तिला दिवस गेले होते आणि लोकलाजेपायी जन्मलेलं मूल मारल्याचा आरोप होता. कोर्टाने फाशी सुनावली. अपिलात ती टळली. पण ‘पुणेवैभव’सारख्या वर्तमानपत्रांनी सगळ्याच बायकांना नावं ठेवायला सुरुवात केली. ते वाचून ताराबाईंनी लेखणी उचलली.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. बायकांचे म्हणून जे दोष सांगता, ते पुरुषांत नाहीत काय? बायको गेली की पुरुष दुसरी करतो, मग नवरा गेल्यावर बाईनेच का कोपऱ्यात बसायचं? विधवेला फसवणारा मात्र नामानिराळा कसा? त्या काळच्या गोष्टींच्या पुस्तकांत बायका कशा रंगवल्या जातात, याचाही त्यांनी खरपूस समाचार घेतला.

१८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात पुस्तक छापलं. टीका झाली, तेव्हा जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही आणि हेही विसरलं गेलं. १९७५ साली संशोधक स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून आणलं, तेव्हा कुठे ते लोकांच्या हाती आलं. मध्ये ९३ वर्षं गेली! आपल्या आज्या-पणज्या तेच प्रश्न मनात घेऊन जगल्या. एका बाईने ते आधीच छापून विचारलेत, हे त्यांना कळलंच नाही.

आता आपल्या गटाकडे बघा. इतिवृत्ताची वही भरली की ती कुठे जाते? कुणाच्या माळ्यावर, नाहीतर रद्दीत. त्या वहीत दारूबंदीचा ठराव असतो, कुणी कशासाठी कर्ज घेतलं ते असतं. उद्या आपल्या गावातल्या बायकांचा इतिहास लिहायचा, तर दुसरा कागद कुठला मिळणार?

म्हणून जुन्या वह्या एका पेटीत ठेवा. वर साल घाला. बोलणाऱ्या बाईचं नाव तिचं स्वतःचं लिहा, अमक्याची सून म्हणून नको. आणि गावच्या वाचनालयात ताराबाईंचं पुस्तक मागा. छोटंसं आहे, एकीने मोठ्याने वाचलं तर दोन-तीन बैठकांत संपेल.