ब्लेझारच्या क्ष-किरणांतील चढउतार

1929 मध्ये जर्मन खगोलज्ञ कुनो हॉफमाइस्टर यांनी सरठ तारकासमूहातील एक ठिपका रूपविकारी तारा म्हणून नोंदवला. त्याला ‘बीएल लॅसर्टी’ हे नावही ताऱ्याचेच मिळाले. 1968 मध्ये त्याच जागी रेडिओ स्रोत असल्याचे लक्षात आले आणि पुढे हा ‘तारा’ दूरच्या दीर्घिकेचा गाभा ठरला. अशा गाभ्यातील महाकाय कृष्णविवराजवळून जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने झोत निघतो. त्याचा रोख पृथ्वीकडे असल्यामुळे तो कित्येक पटींनी तेजस्वी दिसतो. 1978 च्या पिट्सबर्ग परिषदेत रॉजर ब्लँडफर्ड आणि मार्टिन रीस यांनी हे स्पष्टीकरण मांडले. अशा गाभ्यांचे ‘ब्लेझार’ हे नावही तिथलेच.

क्ष-किरण वातावरणात शोषले जातात, म्हणून त्यांचा अभ्यास अग्निबाणांची आणि उपग्रहांची वाट पाहत राहिला. पण तुटक निरीक्षणांतून चढउतारांचा वेग कळत नाही. बहुतेक उपग्रहांच्या दीड तासाच्या फेरीत स्रोत पुन्हा पुन्हा पृथ्वीआड जातो. 1983 मध्ये सोडलेल्या युरोपच्या एक्झोसॅटची फेरी मात्र सुमारे 90 तासांची होती. पीकेएस 2155-304 सारख्या ब्लेझारवर त्याने दीर्घकाळ सलग नजर ठेवली, तेव्हा त्यांचे तेज काही तासांतच बदलत असल्याचे दिसले. या विषयातला हा खरा टप्पा मानायला हवा. प्रकाशाला एखादे क्षेत्र ओलांडायला जेवढा वेळ लागतो, त्याहून लवकर ते क्षेत्र एकदम उजळू शकत नाही. झोताच्या वेगामुळे काळ आक्रसलेला दिसतो, हे जमेस धरले की बदलाच्या वेगावरून क्षेत्राच्या आकाराची मर्यादा काढता येते. क्ष-किरण दुर्बिणींना जे वेगळे दिसत नव्हते, ते असे घड्याळाने मोजले गेले.

एप्रिल 1997 मध्ये मार्केरियन 501 हा ब्लेझार भडकला. बेपोसॅक्स उपग्रहाला त्याच्या क्ष-किरणांचे शिखर 100 किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास, म्हणजे नेहमीपेक्षा किमान शंभरपट ऊर्जेवर सापडले. त्याच काळात अत्युच्च ऊर्जेचे गॅमा किरणही वाढले होते. दोन्ही प्रारणे एकाच इलेक्ट्रॉनसमूहाची असावीत, या मताला त्यामुळे मोठे बळ मिळाले.

28 सप्टेंबर 2015 रोजी भारताचा ॲस्ट्रोसॅट कक्षेत गेला. त्यावरील मृदू क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली. मार्केरियन 421 या ब्लेझारचे चढउतारही तिने टिपले.

2021 च्या डिसेंबरात सुटलेल्या आयएक्सपीई उपग्रहाने तेजाच्या जोडीला ध्रुवीकरणही, म्हणजे लहरींच्या कंपनांचा एकाच दिशेकडे असलेला कलही, मोजले. मार्च 2022 मध्ये मार्केरियन 501 च्या क्ष-किरणांचे ध्रुवीकरण सुमारे 10 टक्के, दृश्य प्रकाशाच्या साधारण दुप्पट, आणि झोताच्या दिशेला समांतर आढळले. झोतातील आघात-तरंगाजवळ इलेक्ट्रॉनांना वेग मिळतो आणि पुढे विस्कळीत चुंबकीय क्षेत्रात जाताना त्यांची ऊर्जा घटते, या चित्राशी हे मोजमाप जुळते.