आगगाडीत घडलेला विनोद

घोड्याला खायला काही नाही, म्हणून तो घरावर चढून छपराचं गवतच खाऊ लागतो. नांगराला जुंपला तर अडून बसतो. शेवटी गरीब शेतकरी ख्मीर याची बायको ॲना स्वतः नांगर ओढते. एवढं करून पीक हाती येतं, तर पाद्र्यापासून सरकारी अंमलदारांपर्यंत सगळे वाटा उचलायला हजर. जिवाला कंटाळलेला ख्मीर स्वतःची शवपेटी बनवायला घेतो, तेव्हा मात्र सत्तेची तारांबळ उडते. शेतकरीच मेला तर रशियाला पोसणार कोण? धावून आलेल्या शिपायांच्या तोंडांवर एकाच साच्यातले मुखवटे आहेत.

सोव्हिएत दिग्दर्शक अलेक्सांद्र मेदवेदकिन यांचा ‘श्चास्त्ये’, म्हणजे ‘सुख’, हा मूकपट १९३५चा. त्याचं मूळ मात्र एका आगगाडीत आहे.

१९३२ साली मेदवेदकिन ‘सिनेमा-गाडी’ घेऊन निघाले. फिल्म धुण्याची, संकलनाची सगळी सोय डब्यांतच होती. खाण, कारखाना, सामूहिक शेत, जिथे काम रखडलं असेल तिथे मुक्काम टाकायचा, चित्रण करायचं आणि लगेच त्याच लोकांना दाखवायचं. आपलाच ढिसाळपणा पडद्यावर पाहून माणसं तिथल्या तिथे चर्चेला बसत. २९४ दिवस हे चाललं. कष्टकऱ्याची फजिती त्याच्याच डोळ्यांनी पाहण्याची ‘सुख’ची नजर या प्रवासात तयार झाली.

चित्रपटाच्या उत्तरार्धात सामूहिक शेतीचा गौरव आहे. ही शेती सक्तीने लादली गेली आणि त्यापाठोपाठ १९३२-३३च्या दुष्काळात लाखो माणसं मेली, त्याबद्दल चित्रपट गप्प आहे. पण ख्मीर नव्या व्यवस्थेतही सहजी रुळत नाही, आणि त्यामुळेच हा निव्वळ प्रचारपट उरत नाही. दिग्दर्शक आयझेनस्टाइन यांनी त्याची मनापासून तारीफ केली, चॅप्लिनची आठवण काढली. तरी बोलपटांच्या जमान्यात हा मूकपट मागे पडला आणि विसरला गेला.

१९६०च्या दशकात फ्रेंच दिग्दर्शक ख्रिस मार्कर यांना तो ब्रसेल्सच्या चित्रपट-संग्रहालयात पाहायला मिळाला. १९६७ साली लाइपझिगच्या महोत्सवात त्यांची मेदवेदकिन यांच्याशी भेट झाली. त्याच सुमारास फ्रान्समधल्या बेझांसाँच्या संपकरी गिरणी कामगारांशीही मार्कर यांचा संबंध आला होता. ते कामगार पुढे स्वतःच चित्रपट करू लागले आणि त्यांनी नाव घेतलं ‘मेदवेदकिन गट’. १९७१ साली मार्कर यांनी मेदवेदकिन यांच्या सिनेमा-गाडीवर माहितीपट केला, आणि ‘सुख’ फ्रान्समध्ये पुन्हा पडद्यावर आला.

गाडीतल्या प्रेक्षकांनी स्वतःला पडद्यावर पाहिलं होतं. बेझांसाँच्या कामगारांनी कॅमेराच हाती घेतला. ‘सुख’चे खरे वारस मी त्यांनाच मानतो.