ब्रिक्स्टनचा नाकारलेला कौल

इंग्लंडमध्ये १८८८ च्या कायद्याने काउंटी कौन्सिले स्थापन झाली. करदात्या विधवा व अविवाहित स्त्रियांना तेथे मताधिकार लाभला. परंतु स्त्रीने सभासद व्हावे काय, हे कायद्याने स्पष्ट केले नव्हते. जानेवारी १८८९ मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन मतदारविभागाने लेडी सँडहर्स्ट या विधवेस निवडून दिले. पराभूत उमेदवार बेरेसफोर्ड होप यांनी न्यायालयात दाद मागितली. स्त्री निवडून येण्यास अपात्र, म्हणून तिला पडलेली मते बाद, असा निर्णय होऊन जागा होप यांना मिळाली. लेडी सँडहर्स्ट १८९२ मध्ये निवर्तल्या. पुढे १९०७ च्या कायद्याने स्त्रियांना हे दार उघडले आणि १९१० साली हेन्रिएटा अॅडलर व सुझन लॉरेन्स लंडनच्या कौन्सिलवर निवडून आल्या. जे शहाणपण ब्रिक्स्टनच्या मतदारांनी एका दिवसात दाखविले, ते कायद्यास उमगण्यास अठरा वर्षे लागली.