दुग्धाम्लावरचा आळ

बऱ्याच दिवसांनी बैठका मारल्या की दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात. जिना चढणं एक वेळ जमतं, उतरताना मात्र कठडा सोडवत नाही. जिममध्ये विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: ‘लॅक्टिक ॲसिड साचलंय, थोडा घाम काढा, निघून जाईल.’ हे वाक्य इतक्या जणांकडून, इतक्या खात्रीने ऐकलं की ते मुळात आलं कुठून हे शोधायला बसलो.

नावातच दूध आहे. आपल्या परिभाषेत ते दुग्धाम्ल. स्वीडनच्या कार्ल शेलेने १७८० साली ते आंबलेल्या दुधातून वेगळं काढलं आणि पुढे त्याच देशातल्या बर्झेलियसला ते मांसाच्या रसातही सापडलं.

थकवा मोजायची सोय व्हायला मात्र आणखी पाऊण शतक गेलं. इटलीतल्या तुरिनमध्ये आंजेलो मोस्सोने १८८० च्या दशकात एर्गोग्राफ नावाचं यंत्र बनवलं. हात पट्ट्यांनी जखडायचा, मधल्या बोटात दोरी अडकवायची, दोरी कप्पीवरून खाली सोडून टोकाला वजन बांधायचं आणि ठोक्यावर बोट वाकवत राहायचं. काजळी धरलेल्या कागदावर प्रत्येक उचलीची एकेक रेघ उमटे. आधीच्या रेघा उंच, मग खुज्या, शेवटी वजन जागचं हलत नाही. सेटच्या शेवटच्या रेपला दंड थरथरून थांबतो, तो क्षणच या कागदावर पकडला गेला होता. मोस्सोच्या एका सहकाऱ्याने विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेऊन झाल्यावर यंत्रावर बोट ठेवलं, तेव्हा त्याच्या रेघा नेहमीपेक्षा फार लवकर खुज्या झाल्या. डोकं शिणलं की बोटही शिणतं! १८९१ च्या मोस्सोच्या ‘ला फातिका’ या थकव्यावरच्या पुस्तकात हे सगळं आहे.

अशाच यंत्रावर अमेरिकेत थिओडोर हफ काम करत होता. १९०२ साली त्याने लिहिलं की सराव नसलेल्या स्नायूला जोराचं काम दिलं, तर काही तासांनी एक वेगळं दुखणं सुरू होतं. ते थकव्याचं नाही, स्नायूच्या आतल्या बारीक इजेचं आहे. म्हणजे धरलेल्या मांड्यांचं उत्तर तेव्हाच मिळालं होतं. ते मागे का पडलं, याचं कारण मला पाचच वर्षांनंतरच्या केंब्रिजमध्ये दिसतं.

१९०७ साली तिथे फ्लेचर आणि हॉपकिन्स बेडकाच्या स्नायूंवर काम करत होते. स्नायू कापताना, कुटतानाच त्यात आम्ल तयार होई आणि सगळे आकडे बिघडत. यांनी स्नायू थेट बर्फगार अल्कोहोलात टाकला आणि तिथेच वाटला. आता चित्र स्वच्छ दिसलं: विसावलेल्या स्नायूत आम्ल अगदी थोडं, थकलेल्यात भरपूर, आणि प्राणवायू दिला की ते कमी होतं. प्रयोग अस्सल होता, आजही तो वाचताना आदर वाटतो. पण तो स्नायू शरीरापासून कापलेला होता. त्यात रक्त फिरत नव्हतं, आम्लाला बाहेर पडायला वाटच नव्हती. पुढे हिल आणि मायरहोफ यांना स्नायूंवरच्या कामासाठी १९२२ चं नोबेल मिळालं आणि दुग्धाम्ल हेच आकुंचनाचं इंधनचक्र, तेच थकव्याचं कारण, हे पक्कं होऊन बसलं.

धक्का १९३० मध्ये कोपनहेगनहून आला. आयनार लुंड्सगार्डने आयोडोॲसिटिक आम्ल देऊन बेडकाच्या स्नायूतलं दुग्धाम्ल तयार होणंच थांबवलं, तरी स्नायू काही वेळ आकुंचन पावत राहिला आणि थकलाही. मग ताकद कुठून येत होती? फॉस्फोक्रिएटिनमधून. ते १९२७ मध्ये हार्वर्डमध्ये फिस्क आणि आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी शोधलं होतं. हिलने आपली जुनी मांडणी मोकळेपणाने सोडली. ‘साचलेल्या आम्ला’ची समजूत तेवढी टिकून राहिली.

आज चित्र बरंच बदललं आहे. आकुंचनाला थेट ऊर्जा पुरवणारा रेणू म्हणजे एटीपी; स्नायूतला त्याचा साठा जोराच्या कामाला जेमतेम काही सेकंद पुरेल इतकाच असतो. त्याला लगेच टेकू देतं ते फॉस्फोक्रिएटिन. ते फुटताना सुटणारं फॉस्फेट स्नायूची पकड ढिली करतं, असा आताचा मोठा संशय आहे. सेट चालू असताना होणाऱ्या जळजळीत आम्लाचा वाटा असतो, पण एकट्याचा नाही. दुग्धाम्लापासून झालेलं लॅक्टेट तर हृदय आणि इतर स्नायू इंधन म्हणून जाळतात. कॅलिफोर्नियाच्या जॉर्ज ब्रुक्स यांनी १९८० च्या दशकापासून हे दाखवून दिलं. व्यायाम थांबला की तासाभरात रक्तातलं लॅक्टेट मूळ पातळीच्या आसपास येतं. दुसऱ्या दिवशी दुखायला ते तिथे उरलेलंच नसतं.

धरलेल्या मांड्या हफच्याच बाजूने साक्ष देतात. बैठकीत खाली जाताना किंवा जिना उतरताना स्नायू ताण धरून लांबतो, आणि इजा सगळ्यात जास्त तेव्हाच होते. तेव्हा थकव्यासाठी, जड वजनाच्या दोन सेटमध्ये तीन मिनिटं नीट बसा, तेवढ्यात फॉस्फोक्रिएटिन बरंचसं भरून येतं. आणि दुखणं टाळायला, फार दिवसांनी तालमीत उतरत असाल, तर पहिल्या दिवशी निम्म्याच बैठका मारा. तेवढ्यानेही पुढच्या खेपेला मांड्या खूप कमी धरतात.