गहू, मध आणि 'शुद्ध' बियर

गेल्या शनिवारी पुण्यातल्या एका मायक्रोब्रुअरीत तिथेच बनवलेली, मध घातलेली गव्हाची एल घेतली. रंग गढूळ सोनेरी, वास पिकलेल्या केळ्याचा आणि किंचित लवंगेचा. (केळं, लवंग काहीही घातलेलं नसतं बरं का, ही सगळी यीस्टची करामत!) मध म्हटल्यावर कोणालाही गोड काहीतरी आठवेल, पण ही चक्क कोरडी लागते. कारण मधातली जवळजवळ सगळी साखर यीस्ट फस्त करतं, मागे उरतो तो वास.

पण खरी गंमत इतिहासात आहे. ह्या ग्लासातले गहू आणि मध दोन्ही बव्हेरियात एकेकाळी बियरमधून हद्दपार झाले होते.

२३ एप्रिल १५१६. बव्हेरियाचा ड्यूक चौथा विल्हेल्म आणि त्याचा भाऊ दहावा लुडविग ह्यांनी फर्मान काढलं: बियरमध्ये फक्त बार्ली, हॉप्स आणि पाणी. आज हाच जगप्रसिद्ध 'शुद्धतेचा कायदा' म्हणून मिरवला जातो. पण मूळ फर्मान वाचलं तर सुरुवातीलाच दिसतात ते भाव. बियर हिवाळ्यात किती फेनिगला विकायची आणि उन्हाळ्यात किती! गव्हाला बंदी का, तर गहू पावासाठी राहावा, असं कारण सहसा सांगतात. 'शुद्धता' हे लेबल तर थेट १९१८ सालचं.

आता पुढचा भाग ऐका. १५४८ मध्ये त्याच विल्हेल्मने डेगेनबर्ग नावाच्या सरदार घराण्याला गव्हाची बियर बनवायची खास परवानगी दिली. म्हणजे नियम सगळ्यांना, एक्सेप्शन ओळखीच्यांना! १६०२ मध्ये ते घराणं निर्वंश झालं आणि हक्क परत ड्यूककडे आला. तेव्हाच्या ड्यूक मॅक्सिमिलियनने बंदी उठवली का? छे. त्याने स्वतःच्या ब्रुअरीज काढल्या आणि गव्हाच्या बियरची मक्तेदारी करून खजिना भरला. ती मक्तेदारी १७९८ पर्यंत टिकली, तोवर लोकांची आवड बदलत चालली होती. १८७२ मध्ये गेऑर्ग श्नायडर ह्या ब्रुअरने राजाकडून हा हक्क मिळवला, म्हणून तो प्रकार तगला.

आणि मध? तुर्कस्तानात गॉर्डियनला इ.स.पू. आठव्या शतकातली एक राजेशाही कबर १९५७ मध्ये उघडली. तिथल्या भांड्यांच्या तळाशी सुकलेल्या गाळाचं पुढे रासायनिक पृथक्करण झालं, तर त्यात बार्लीची बियर, द्राक्षाची वाईन आणि मध ह्यांचं मिश्रण निघालं. म्हणजे मधाची परंपरा त्या फर्मानाहून दोन हजार वर्षांनी जुनी!

म्हणून कोणी 'शुद्ध' आणि 'पारंपरिक' म्हणायला लागलं की मी आधी दोन गोष्टी बघतो: नियम कोणी केला आणि अपवाद कोणाला मिळाला. बियरपुरतंच म्हणतोय असं नाही.

असो. चीअर्स!